मतदाराची उमेदवारी



उमेदवारी या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभे राहणे ही उमेदवारी. आणि वकिलाच्या किंवा सुताराच्या हाताखाली काम शिकणे हीही उमेदवारीच. पहिलीची चर्चा गावभर चालते. मत देण्यापूर्वी मतदाराने करावयाच्या दुसऱ्या उमेदवारीविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

१९८९ साली लागू झालेल्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. २०२२ पासून तर सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही नावनोंदणीचा अर्ज आगाऊ करता येतो. परंतु अर्ज भरणे हे घटकाभराचे काम. पारखण्याची सवय लागायला वर्षे जातात. म्हणून तिची सुरुवात चौदा-पंधराव्या वर्षी व्हावयास हवी.

पहिला धडा, कोणते काम कोणाचे हे ओळखण्याचा. गटार तुंबले तर नगरपालिका, एस.टी. आली नाही तर राज्य सरकार, आगगाडी रखडली तर केंद्र सरकार. हे ठाऊक नसले म्हणजे गटाराचा राग लोकसभेच्या उमेदवारावर निघतो, आणि नगरसेवक मात्र निर्धास्त राहतो!

दुसरा धडा वाचनाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे लोकसभेच्या आणि विधानसभेच्या उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण व फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागतात. हा कागद कोणालाही पाहता येतो. दहावीतल्या मुलीने तो घरात मोठ्याने वाचून दाखवावा. तसेच, मोबाइलवर आलेली बातमी पुढे धाडण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे कोण सांगतो, आणि त्याला कसे कळले?

तिसरा धडा मात्र मुलांचा नव्हे, आपला आहे. 'आमच्या घरात पाच मते आहेत' असे आपण अभिमानाने सांगतो. ती पाच माणसांची पाच मते असतात, की एकाच माणसाची? कायद्याने मत गुप्त ठेवले आहे. ते कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती बापालाही करता येत नाही. मग जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, मला हे पटत नाही," तर तिला गप्प करू नये, कारण विचारावे. कारण देता येऊ लागले की तिची उमेदवारी संपत आली असे समजावे. ज्या घरात 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्या घरातून मतदान केंद्रावर माणसे जातात. मतदार जात नाहीत.