'संकीर्ण'चं कपाट

(गटाच्या त्रैमासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरं तर मी केंद्रातल्या कामाबद्दल बोलणार होते. पण मागच्या बैठकीत मी वाचनालयातल्या कपाटाची गोष्ट काढली आणि ताई म्हणाल्या, आता तेवढंच बोल. म्हणून आज कौटुंबिक हिंसाचाराची आकडेवारी नाही, धुळीची गोष्ट आहे. मात्र बोलता बोलता मी केंद्रात जाऊन पोचले तर मला थांबवू नका.

आमच्या तालुक्याच्या गावी शंभर वर्षांहून जुनं वाचनालय आहे. गेल्या वर्षी तिथं जुन्या पुस्तकांचं निर्लेखन करायचं ठरलं. निर्लेखन म्हणजे पुस्तक दप्तरातून कमी करायचं आणि पुढे रद्दीत द्यायचं. त्यासाठी जी छोटी समिती नेमली तिच्यात एक बाई हवी होती, म्हणून मला घेतलं. बाई म्हणून घेतलं की काम काय करायचं हे सहसा कोणी सांगत नाही. मला एक यादी दिली आणि खाली सही करायला सांगितलं.

सही करण्याआधी मी यादी वाचली. चारशेच्या वर पुस्तकं, पण त्यात कादंबऱ्या अगदी थोड्या. बाकी चरित्रं, प्रवासवर्णनं, आरोग्य, पाकशास्त्र, शेती, जमाखर्च, जातींची माहिती, कायदा. ही सगळी पुस्तकं एकाच कपाटात, आणि कपाटावर पाटी 'संकीर्ण'. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: 'मागणी नाही'. हा शब्द मला ओळखीचा वाटला. गावात बायकांसाठी मुतारी का नाही असं विचारलं तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं.

मग दोन महिने दर शनिवारी मी त्या कपाटासमोर बसले. त्यातली एक-दोन पुस्तकं तुमच्यापुढे ठेवते.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. कुठून माहीत आहेत? बहुतेकींना श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीतून, म्हणजे १९६८ सालानंतर, नाही तर तिच्यावरच्या नाटकातून आणि सिनेमातून. पण त्याच्या ५६ वर्षं आधी, १९१२ साली, काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं होतं. या काशीबाई लग्न झाल्यावर चोरून वाचायला शिकल्या. अशा बाईनं दुसऱ्या बाईची पत्रं जमवून त्यांवरून तिचं चरित्र लिहिलं. कादंबरी अजून घरोघरी जाते, आणि हे चरित्र आमच्या यादीत, 'मागणी नाही'.

आनंदीबाईंची पत्रं काशीबाईंनी पुसून-झाडून गोड करून दिलेली नाहीत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई हिशेब मांडतात. दहा वर्षांची असताना लाकडानं कसं मारलं, बारा वर्षांची असताना खुर्च्या-पुस्तकं कशी अंगावर फेकली, चौदाव्या वर्षी कसल्या विचित्र शिक्षा केल्या, असं वयवार. आणि हे तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट ते ठरवणं अवघड आहे, असंही त्या लिहितात. कारण त्याच माणसानं हट्टानं शिकवलं नसतं तर त्या तिथे पोचल्याच नसत्या.

हे मी केंद्राच्या गुरुवारच्या गटात माझ्या शब्दांत सांगितलं, कोणाचं पत्र ते आधी न सांगता. गटात एक बाई येते. तिचा नवरा शिकलेला, नोकरदार. तो तिला हिशेब आणि इंग्रजी शिकवतो आणि चुकलं की मारतो. चार महिने ती एकच वाक्य म्हणत होती, "माझ्या भल्यासाठीच करतात हो." मी समाजकार्याची पदवी घेतलेली. तिच्यासमोर मी कायद्याची कलमं वाचली, तक्ता काढून दाखवला, हिंसेचं चक्र समजावलं. काही झालं नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "ही कोण बाई? कुठल्या गावची?" मी सांगितलं, ही १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेली बाई. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे एवढी शिकली तरी ते लक्षात राहिलंच की." तिनं घर सोडलेलं नाही, तक्रारही केलेली नाही, हेही सांगायला हवं. पण 'भल्यासाठीच' हे वाक्य तिच्या तोंडून नंतर मी ऐकलं नाही.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं. त्याच वर्षी मुंबईत शारदासदनही सुरू केलं. नावावरून वाटतं की यात आगगाडी, धबधबा आणि बर्फ असेल. तेही आहे. पण बायकांचं शिक्षण, त्यांचे धंदे, त्यांच्या संघटना यांवर रमाबाई किती बारकाईनं लिहितात ते पाहा. काळ्या माणसांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. काही ठिकाणी अमेरिकेचं कौतुक जरा अतीच झालंय असं माझं मत आहे. असो. आपल्याकडे प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्या मुलींना मी हे पुस्तक सक्तीनं वाचायला लावीन.

हे विसरणं नवीन नाही. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' आज आपल्या प्रत्येक शिबिरात असतं. १८८२ साली ते निघालं तेव्हा ५०० प्रती छापल्या होत्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली. त्यानंतर ते जवळजवळ नाहीसं झालं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. मधली ९३ वर्षं मोजा. त्या काळात आपल्या आज्या-पणज्या हेच प्रश्न पहिल्यापासून विचारत होत्या, कारण ते आधी कोणी विचारलेत हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. १९७५ साली ते परत आलं, कारण कुठेतरी एखादी प्रत कुणीतरी रद्दीत दिली नव्हती.

आता माझी स्वतःची गोष्ट. पदवी मिळाल्यावर माझी पहिली नोकरी एका संस्थेत होती. जागा बदलायची होती म्हणून आम्ही तिघींनी माळा साफ केला. सायक्लोस्टाइल पत्रकं, जुनी टिपणं, गठ्ठेच्या गठ्ठे फॉर्म. तीन पोती रद्दीवाल्याला दिली आणि आलेल्या पैशांची भेळ खाल्ली. मी तेव्हा फार उत्साही होते. दोन वर्षांनी पन्नाशीची एक बाई आली. म्हणाली, "नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची पाहणी तुमच्या बायांनी केली होती. त्यात माझा फॉर्म आहे. किती साली टाकलं ते लिहिलंय, तलाठ्याला दाखवायचंय. त्यावर माझी सही आहे. अंगठा नाही, सही. त्याच आठवड्यात शिकले होते."

मी तिला चहा दिला आणि कागद नाही असं सांगितलं. कुठे गेला ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "असू दे. तुमच्याकडे कागद लई होत असतील."

काशीबाई आणि ताराबाई मला यानंतर भेटल्या, तेव्हा त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज जरा चढतो तो यामुळे. ती पाहणीही एक पुस्तकच होती. तिला पुठ्ठा नव्हता एवढंच.

तर वाचनालयाच्या समितीत मी सही केली नाही. दोन सभा भांडण झालं. अध्यक्षांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं: जागा नाही, कपाटाला कसर लागली आहे, आणि अनुदान मोजताना कोणी न उघडलेल्या पुस्तकांचा काय उपयोग? शेवटी तडजोड झाली. मी यादीतली ४१ पुस्तकं निवडली. त्यांना ३१ मार्चपर्यंत मुदत. तोवर ज्या पुस्तकाची एकदा तरी नोंद होईल ते राहील, बाकीची जातील. पानं ठिसूळ आहेत, घरी नेली तर तुटतील, म्हणून जागेवर बसून वाचलं तरी नोंद धरायची हे मी लिहून घेतलंय.

आजवर १३ पुस्तकांची नोंद झाली आहे. त्यातल्या ९ नोंदी माझ्याच आहेत आणि ग्रंथपाल आता माझ्याकडे पाहून हसतात.

एक कामाची माहिती. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संपली की पुस्तक कोणालाही छापता येतं. रमाबाई १९२२ साली गेल्या, काशीबाई १९४८ साली. म्हणजे या दोघींची पुस्तकं आपण उद्या टाइप करून पुस्तिका काढली तरी परवानगी लागत नाही. फक्त नव्या आवृत्तीतली संपादकांची प्रस्तावना आणि टिपा उचलायच्या नाहीत, त्यांचा हक्क वेगळा असतो. मोबाइलवर पानांचे फोटो काढायला ग्रंथपालांची हरकत नाही, पुस्तक उताणं दाबायचं नाही एवढीच अट.

२८ पुस्तकं उरली आहेत. त्यात एक विहिरींवरचं आहे, एक बाळंतपणावरचं, दोन हिशेबाची, आणि एकाचं मुखपृष्ठ गेल्यामुळे ते कशावरचं आहे ते अजून कळलेलं नाही. यादीच्या प्रती मी आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत. आपापल्या नावापुढे एकेक पुस्तक लिहा. वाचनालय सोमवारी बंद असतं, जिना उंच आहे, आणि नाकाला बांधायला ओढणी किंवा पदर लागेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही यावं. मी वाचून दाखवीन. ऐकणारीचं नाव वहीत लिहायला काय हरकत आहे, हे मी पुढच्या सभेत विचारणार आहे.