न्हाणीघरांतील ज्योतीचा पहारेकरी

तांब्याच्या बंबांतील विस्तवावर पूर्वीं घरांतील माणसाचीच नजर असे. निखारे विझूं लागले तर कोळसा घालावा, धूर फार झाला तर खिडकी उघडावी, एवढें ज्ञान पुरेसें होतें. पुष्कळ घरांत आतां बंबाची जागा गॅसच्या गीझरनें घेतली आहे. त्याची ज्योत पत्र्याच्या पेटींत असते; म्हणून तिच्यावर पहारा करण्याचें काम धातूच्या एका लहानशा कांडीकडे सोंपविलेलें असतें.

नळ उघडला कीं पाण्याच्या दाबानें आंतील रबरी पडदा सरकतो व एक बारीक कळ दाबली जाते. १.५ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या बळावर ठिणग्या पडूं लागतात, गॅसची झडप उघडते आणि ज्योत पेटते. ज्योतींत विद्युद्भारित कण असतात. त्यामुळें तींत असलेल्या कांडींतून विजेचा अत्यंत सूक्ष्म प्रवाह वाहूं लागतो. ज्योत पेटल्याची हीच ग्वाही होय. ती कांहीं सेकंदांत मिळाली नाहीं, तर झडप आपोआप मिटते.

बिघाडाची परीक्षाहि याच क्रमानें करावी. नळ उघडूनहि ठिणग्यांची टकटक ऐकूं येत नसेल, तर बॅटऱ्या संपल्या असाव्यात किंवा पाण्याचा दाब कमी असावा. गच्चीवरची टांकी अगदीं माथ्यावर असली, अथवा पाणी आंत येण्याच्या तोंडाशीं असलेली जाळी गाळानें भरली, म्हणजे असें होतें. ठिणग्या पडतात पण ज्योत धरत नाहीं, अशा वेळीं सिलिंडर रिकामा आहे काय, किंवा नवा जोडतांना नळींत हवा राहिली काय, हें पाहावें. ज्योत पेटून लगेच विझते, हें लक्षण मात्र बहुधा कांडीचें. तिच्यावर काजळी धरते, ती ज्योतीबाहेर वांकते, किंवा तिची तार सैल होते. गॅस व पाणी बंद करून, बॅटऱ्या काढून, यंत्र निवल्यावर जाणत्या कारागिरानें ती बारीक पॉलिशकागदानें हलकेंच पुसली, कीं गीझर पूर्ववत् चालूं लागतो.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. कांडी पुसली, पण काजळी आली कोठून? ज्योत निळी न राहतां पिवळी झाली, म्हणजे तिला हवा अपुरी पडत आहे किंवा बर्नर तुंबला आहे. अशा ज्वलनांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. दार-खिडकी लावून स्नान करणारा मनुष्य सावध होण्यापूर्वींच मूर्च्छित पडतो. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत असावा.

कांडीला वगळून झडप उघडी ठेवण्याची युक्ति कोणी सुचविली, तर ती कधींहि मान्य करूं नये. सिलिंडरचा गॅस हवेहून जड. न पेटलेला गॅस जमिनीलगत साचतो आणि पुढची ठिणगी घात करते. वास येतांच नळ पुन्हां पुन्हां उघडून पाहूं नये. गॅस बंद करावा, खिडक्या उघडाव्या, विजेच्या बटणास हात लावूं नये, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

ज्योत आहे कीं नाहीं, एवढेंच कांडीला कळतें. हवा विषारी झाली हें तिला कळत नाहीं. ती काळजी बंबाच्या काळाप्रमाणें आजहि घरांतील माणसानेंच वाहावयाची आहे.