झांकणें आणि कापणें



आजचा माझा विषय वरवर पाहतां यंत्रांतल्या बारकाव्याचा आहे. संगणकावर चित्र काढतांना आकृतींत भोंक कसें पाडावें, एवढाच तो प्रश्न. परंतु त्याचें उत्तर मला आमच्या घराच्या पाटीनें शिकविलें, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतों.

आमच्या वडिलांनीं घराला ‘ठेव’ असें नांव दिलें होतें. लांकडी पाटीवर तें त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें होतें. त्यांच्यामागें ती पाटी कुजत चालली, तेव्हां तींच अक्षरें पितळेच्या पत्र्यांतून आरपार कापून घ्यावीं व मागें दिवा लावावा, असें माझ्या मनांत आलें. पाटीचें छायाचित्र घेऊन त्यावरून इंकस्केपमध्यें मीं रेषा आंखल्या. २००३ सालीं निघालेलें हें सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें. त्यांतील चित्र ठिपक्यांचें नसून रेषांच्या गणितावर उभें असतें. कितीहि मोठें केलें तरी त्याची कड फुटत नाहीं. अशा चित्रांस वेक्टर चित्रें म्हणतात.

प्रथम मीं मास्कचा मार्ग धरला. मास्क म्हणजे चित्रावर धरलेला पडदा. वेक्टर चित्रांची एसव्हीजी ही पद्धति २००१ सालीं प्रमाण ठरली. तिच्यांत मास्क जेथें पांढरा तेथें खालचें चित्र दिसतें, काळा तेथें लपतें, आणि करडा तेथें अर्धवट दिसतें. पांढऱ्या अक्षरांचा मास्क घातला, कीं पत्रा अक्षरांपुरताच दिसूं लागतो. मला हवें होतें नेमकें उलट. त्यासाठीं पत्र्यास पुरून उरेल एवढा पांढरा आयत घ्यावा, त्यावर काळीं अक्षरें ठेवावीं, आणि सर्वांचा मिळून मास्क करावा. २०२० सालच्या १.० आवृत्तीपासून इंकस्केपमध्यें उलट्या मास्कची आज्ञाच मिळते; इलस्ट्रेटरमध्यें एका चौकटींत खूण केली, कीं तेंच काम होतें.

पडद्यावर पाटी सुरेख दिसली. कारागिराच्या यंत्रानें मात्र कोरा आयत कापून दिला! दोष यंत्राचा नव्हता. मास्क झांकतो, कापीत नाहीं. त्याच्याखालीं मूळ आकृति अखंडच असते. कापणारें यंत्र रेषेच्या मागोमाग जातें, आणि पत्र्याच्या आकृतींत अक्षरांची रेषा नव्हतीच.

तेव्हां वजाबाकीकडे वळावें लागलें. टंकांतलीं अक्षरें असल्यास प्रथम त्यांचें रेषाकृतींत रूपांतर करावें. तीं एकत्र जोडून पत्र्याच्या वर ठेवावीं, आणि दोन्ही आकृति निवडून ‘डिफरन्स’ ही आज्ञा द्यावी. वरची आकृति खालचींतून वजा होते. पुढें ऱ्हस्वाचें दीर्घ करावयाचें झालें तरी तीं अक्षरें अक्षरें म्हणून हातीं येत नाहींत. म्हणून मूळ प्रत अगोदरच वेगळी राखावी.

आतां भरीव कोठें व पोकळ कोठें, हें संगणक कसें ठरवितो? एक रीत अशी: बिंदूपासून बाहेर सरळ रेषा काढावी आणि ती किती कडा ओलांडते तें मोजावें. संख्या विषम आली तर बिंदु भरीव, सम आली तर पोकळ. ‘ठ’च्या पोटांतल्या गोलापासून सरळ खालीं येतांना तीन कडा लागतात, म्हणून तो भरीव. गणित बरोबर, परंतु त्या गोलास धरून ठेवणारें कांहींच उरलेलें नाहीं, हें गणितास कळत नाहीं. दुसऱ्या खेपेस अक्षरें कापलीं गेलीं, आणि ‘ठ’ व ‘व’ यांच्या पोटांतले दोन्ही तुकडे खणकन खालीं पडले.

अशा तुकड्याला कडेशीं जोडणारी अरुंद पट्टी न कापतां ठेवावी लागते. पेटाऱ्यांवर नांवें रंगविण्याचे जे पत्र्याचे छाप असतात, त्यांतील अक्षरें तुटक दिसतात तीं याचसाठीं. वडिलांच्या अक्षरांत खंड पाडणें जिवावर आलें, तरी दुसरा उपाय नव्हता.

तिसरी पाटी आज फाटकावर आहे. अक्षर मध्येंच तुटलें कसें, असें कोणी विचारलें, तर तेथें तें धरून ठेविलें आहे असें मी सांगतों. पडलेले दोन तुकडे माझ्या मेजाच्या खणांत आहेत. नवें रेखाटन हातीं घेतांना ते पाहतों, आणि प्रथम स्वतःस विचारतों: हें केवळ दिसावयाचें आहे, कीं कापावयाचें आहे?