मुंबई किती लांब?



या नगरीत मराठी माणूस मराठी माणसास प्रथम भेटला की दोन प्रश्न ठरलेले असतात. मूळचे कुठले, आणि जाणे-येणे कसे असते? आज त्या दुसऱ्या प्रश्नाविषयीच आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

बंगळूर ते मुंबई हे अंतर आकाशमार्गे सुमारे ८४० किलोमीटर. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे या सडकेने ते ९८०च्या आसपास भरते. उद्यान एक्सप्रेसने मात्र साडेअकराशे. कारण ही गाडी बेळगावकडे फिरकतच नाही. ती गुंतकलला जाऊन जुना मद्रास-मुंबई मार्ग धरते, जो १८७१ साली रायचूरला सांधला गेला, आणि वाडी, सोलापूर, पुणे असा वळसा घालते. त्यास सुमारे २४ तास लागतात. विमानास पावणेदोन.

१९८७ सालच्या वैशाखात आम्हांस तार आली : अण्णा अत्यवस्थ, निघून यावे. तारेचा अर्थ आम्ही जाणून होतो. विमाने तेव्हाही होती; आमच्या पगारात ती नव्हती. गाडीत रात्रभर खिडकीशी बसून होतो. समोरच्या बाकावर सोलापूरच्या एक बाई होत्या. त्यांनी काही न विचारता सकाळी दशमी आमच्या हातावर ठेवली, आणि आम्हांस रडू कोसळले. गिरगावात पोचलो तेव्हा अण्णांना नेऊन सहा तास झाले होते. उन्हाळा होता, कुणास दोष देता येत नाही.

आई गेली २००९ साली. पहाटे पाचला दूरध्वनी आला, दुपारी एक वाजता आम्ही दारात होतो. पावणेदोन तासांच्या प्रवासास आठ तास कसे, असे कुणी विचारील. मे २००८मध्ये प्रवासी विमाने गावातल्या एच. ए. एल. विमानतळावरून देवनहळ्ळीस गेली. जयनगराहून तेथवर चाळीस किलोमीटरच्या वर रस्ता, मग तपासणीच्या रांगा, पुढे मुंबईची रहदारी. असो. आईसाठी सारे थांबले होते. अखेरचे दर्शन झाले. परंतु विमानात शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत होते आणि आम्ही मुकाट्याने चहा प्यालो होतो. डोळे कोरडे होते. अण्णांसाठी जे एक अहोरात्र मिळाले, ते आईच्या वाट्यास आले नाही. कोणते बरे झाले, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

आता आमचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो, म्हणजे वाट पाहावयाची ती आमच्यासाठी! जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिले थेट विमान आले. सर्व वैमानिक महिला होत्या, आणि उत्तर ध्रुवाकडील मार्गाने त्यांनी सुमारे १४,००० किलोमीटर अंतर कापले. त्या दिवशी मुलाने उत्साहाने दूरध्वनी केला. "बाबा, फक्त सतरा तास! तुमच्या उद्यान एक्सप्रेसपेक्षा कमी."

त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले. तो हे का सांगत होता, हे आम्हां दोघांनाही कळले होते.

आम्ही म्हटले, "अरे, देवनहळ्ळी ते जयनगर दोन तास धर."