मुकादमाचा घाम आणि गड्यांचा घाम

सांगोल्याकडील कोरड्या माणदेशांत विहीर खणण्याचें काम उक्तें दिलें, कीं मुकादम तें अंगावर घेतो. पहार आणि फावडें मात्र गड्यांच्या हातीं असतें. दिवाळीस सुरू झालेलें काम शिमग्यास संपलें, तर ‘विहिरीस चार महिने लागले’ असें गांव म्हणेल. त्यांत काम किती दिवस बंद होतें, किती गडी किती दिवस राबले, हें त्यावरून कळत नाहीं. आणि एकट्या मुकादमाचेच श्रम मोजले, तर विहीर जणूं फुकट झाली असें दिसेल!

संगणकाच्या हिशेबांत हाच पेंच पडतो. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीचा आरंभ झाला. तींत एक प्रोग्राम दुसऱ्यास जन्म देऊं शकतो. पहिला जनक, दुसरें अपत्य. वेळ मोजणारी ‘टाइम’ ही आज्ञा तीन आंकडे सांगते. पहिला भिंतीवरील घड्याळाचा. दुसरा, प्रोग्रामच्या स्वतःच्या सूचना पाळण्यांत प्रोसेसरनें घालविलेला. तिसरा, फाइल वाचण्यासारखीं कामें प्रणालीनें त्याच्या वतीनें केलीं, त्यांचा. पहारींस धार लावणाऱ्या लोहाराच्या वेळेसारखा.

समजा, चार अपत्यें चार प्रोसेसरांवर एकाच वेळीं प्रत्येकीं १० मिनिटें राबलीं. घड्याळांत १० मिनिटेंच सरलीं. जनक स्वस्थ वाट पाहत होता, आणि वाट पाहण्यास प्रोसेसर खर्ची पडत नाहीं. तरी एकंदर खर्च ४० मिनिटांचा झाला.

युनिक्समध्यें जनकाचा वेळ व अपत्यांचा वेळ वेगवेगळ्या रकान्यांत मांडला जातो. पण नियम कडक आहे. अपत्य संपल्यावर जनकानें ‘वेट’ या सूचनेनें त्याची दखल घेतली, तरच तो वेळ जनकाच्या खातीं चढतो. नातवंडांचा वेळही अपत्यानें त्यांची अशीच दखल घेतली असेल, तरच आजोबांपर्यंत पोंचतो. जनकच आधीं संपला, तर अनाथ अपत्यास सामान्यतः प्रणालीचा आद्य प्रोग्राम दत्तक घेतो, आणि त्याचे श्रम मूळ घराच्या हिशेबांतून निसटतात.

हा निव्वळ वहीचा वाद नव्हे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं अनेक प्रोसेसर एकत्र राबविणारा ‘परम ८०००’ सिद्ध केला. अशा महासंगणकावर अनेकांचीं कामें पाळीपाळीनें चालतात. एकाच्या अपत्यांचे तास नोंदले गेले नाहींत, तर त्याला हक्काहून अधिक मिळतें आणि दुसऱ्याची पाळी लांबते.

म्हणून २००८ सालीं लिनक्स प्रणालींत ‘कंट्रोल ग्रुप’ची सोय आली. तींत सबंध टोळी एकाच पटावर असते. जनक गेला तरी अपत्याचें नांव पटावरून उतरत नाहीं.

१९७२ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्ह्यांतील माणसें खडी फोडावयास गेलीं, तेव्हां हजेरीपटावरील नांवाचें मोल त्यांस पुरतें कळलें होतें. नोंद झाली तरच मजुरी. घाम मात्र दोन्हीं वेळां तेवढाच गळलेला असतो.