आळशी म्हणवलेले दोन प्राणी

दुबईतलं अल क्वोज म्हणजे गोदामं, गॅरेजं, कामगारांच्या वसाहती आणि आता अलसरकाल अव्हेन्यूतली चित्रदालनं. इथल्या कुठल्याही कॅफेटेरियात चहा घ्यायला थांबलात, तर मल्याळम, बंगाली, पश्तो, नेपाळी आणि मधूनच आपली मराठी कानावर पडते. इथून थोड्याच अंतरावर, सिटी वॉकमध्ये, २०१६ साली सुरू झालेलं ‘ग्रीन प्लॅनेट’ नावाचं बंदिस्त पर्जन्यवन आहे. तिथे दोन बोटांचे स्लॉथ राहतात.

अरबीत याचं नाव कसलान, म्हणजे आळशी. फारसीत तंबल, अर्थ तोच. स्पॅनिशमध्ये पेरेसोसो, जर्मनमध्ये फाउलटीअर, जपानीत नामाकेमोनो, पोर्तुगिजांचं प्रेगीसा: सगळीकडे आळसच. ओव्हिएदो या स्पॅनिश बखरकाराने तर १५२६ सालीच त्याचं ‘पेरिको लिखेरो’, म्हणजे चपळ पेरिको, हे चेष्टेतलं नाव नोंदवून ठेवलं. ब्राझीलच्या तुपी लोकांनी मात्र त्याच्या तीन बोटांच्या भावंडाला त्याच्या हाकेवरून ‘आई’ म्हटलं. ज्यांनी जंगलात त्याचा आवाज ऐकला, त्यांना त्याच्या स्वभावावर शेरा मारावासा वाटला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

जवळून बघा. वाकड्या नखांनी फांदी पकडलेली, अंग उलटं, आणि केसांचा भांग चक्क पोटावर. पावसाचं पाणी पाठीकडे निथळून जावं म्हणून. खाणं मुख्यतः पाला. त्यातून शक्ती थोडीच मिळते आणि तो पचायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. मग हालचाल जपूनच करावी लागते. अल क्वोजमध्ये हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं. त्या वेळी सावलीत पाठ टेकलेल्या मजुराला आळशी कोण म्हणेल?

हा शिक्का आपल्या अस्वलालाही बसला आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याची लांब नखं पाहिली, वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नाहीत हेही पाहिलं आणि त्याला थेट स्लॉथच्या कुळात बसवून टाकलं. पुढे शास्त्राने चूक सुधारली, पण इंग्रजीत ते ‘स्लॉथ बेअर’ राहिलं आणि अरबीत ‘दुब्ब कसलान’ झालं. खरं तर ती नखं वारूळ फोडायला आहेत. ओठांचा चंबू करून अस्वल दातांच्या त्याच फटीतून वाळवी ओढून घेतं आणि तो आवाज रानात लांबवर जातो. मेळघाटात त्याला कुणी आळशी म्हणत नाही. मोहाची फुलं वेचायला पहाटे निघालेल्या माणसांना ठाऊक असतं, की ते अंगावर आलं तर पळून त्याच्या पुढे जाता येत नाही.