गर्भवतीचे ताट आणि पुढची पिढी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत रमलेले सामान्य गृहस्थ आहोत. तरीही आज गर्भवतीच्या आहाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण हा प्रश्न दवाखान्याइतकाच आपल्या स्वयंपाकघराचा आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेह-पाहणीचे पहिले निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात ८.४ टक्के, तर आपल्या चंडीगडात १३.६ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. याचे खापर आपण गोडधोडावर आणि बैठ्या कामावर फोडतो. ते खोटे नव्हे. परंतु रोगाचे एक मूळ त्याहून मागे, आईच्या उदरात असावे, असे पुण्याचे संशोधन सुचविते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातांचा आहार आणि बालकांची वाढ यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे सुमारे ३.५ किलो. नवल असे की, आपल्या बालकांचे स्नायू तोकडे, पण त्वचेखालील चरबी मात्र बरीचशी शाबूत! गर्भात पोषण अपुरे पडले की शरीर मेंदूला जपते व इतर अवयवांच्या वाढीत काटकसर करते, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे त्याच देहाला सुबत्ता लाभली की साखरेचा भार त्याला पेलवत नाही.

या खेड्यांत दूध, पालेभाज्या व फळे वारंवार खाणाऱ्या मातांची बालके अधिक वजनाची निपजली. बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते कमी व फोलेट अधिक, अशा मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या फोलेटच्या गोळ्या सोडावयाच्या नाहीत. दूध-दही, अंडी, मासळी यांतून मिळणाऱ्या बी-१२कडेही लक्ष पुरवावयाचे.

मुंबईच्या गरीब वस्त्यांत पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून देण्यात आला. त्यांच्यात गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळले. म्हणजे काळजी लग्नाआधीच, मुलीच्या ताटापासून घ्यावयास हवी.

आपण डोहाळजेवण थाटाने करतो. पण सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले खाणारी सून अजूनही अनेक घरांत आहे. दोष तिचा नव्हे, पंक्तीच्या क्रमाचा आहे. दुधादह्याच्या आणि सागाच्या या मुलखात राहून आपल्या लेकीसुनांच्या वाटीत ते रोज पडत नसेल, तर त्याचा जाब घरातील वडीलधाऱ्यांनी, विशेषतः आम्हां पुरुषांनी द्यावयास हवा. मंडळाच्या महिला शाखेने हा विषय हाती घ्यावा, आणि पुरुष सभासदांनी आज रात्रीपासूनच पहिले ताट गर्भवतीचे वाढावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.